टिटवीने सुचवलेलं पुस्तक

३ मार्च

प्रिय ताई,

पत्राच्या माथ्यावर गावाचं नाव नाही म्हणून रागावू नकोस. मी कुठे आहे ते तुला ठाऊक आहे आणि हे पत्र नेणाऱ्या पांतेला ठाऊक आहे. तेवढी माणसं पुरेत. पांतेची गाडी या खेपेला उशिरा निघते आहे, त्यामुळे एक मार्चला वसंतासाठी बांधायचा लाल-पांढरा दोरा तुला शिळा मिळेल. तरी मनगटाला बांध. बोलोन्यात तू सांभाळतेस त्या म्हाताऱ्यासाठीही एक ठेवला आहे. सूप अंगावर फेकतो म्हणून काय झालं, वसंत त्यालाही लागतोच. बरणीत भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची चटणी आहे. झाकण घट्ट आहे असं पांते शपथेवर सांगेल. तू आपली मोरीत धरूनच उघड.

मी बरी आहे. गुडघाही बरा आहे. सकाळी नदीवर धुकं असतं आणि बोटी भोंगे वाजवत उभ्या राहतात. खालच्या मजल्यावर आग्लाया काकू आहेत, पूर्वी बोटींवर स्वयंपाक करायच्या. त्यांना मी शिवणकाम करणारी विधवा म्हणून माहीत आहे. परवा जिन्यात त्यांनी मला अडवलं.

"सबीनाबाई, मशीनचा आवाज कधी येत नाही तुमच्या घरातून."

"हातानेच शिवते, काकू."

"अस्सं! आणि काल रेडिओवर मंत्री बोलत होता तेव्हा 'आधी वाक्य पूर्ण कर, गाढवा!' असं कोण ओरडलं? सुई?"

तू विचारलंस, दिवसभर करतेस काय. वाचते. आयुष्यभर वर्गात बोलले, शेवटची काही वर्षं चौकात बोलले, आणि आता दुकानदाराशीसुद्धा दोन शब्दांच्या वर बोलायची मला बंदी आहे. ही शिक्षा कैदेपेक्षा वाईट आहे. कैद्याला निदान कैद्याशी बोलता येतं.

पण एक जागा सापडली आहे. फोनवर पुस्तकवेड्यांचा एक गट आहे, देशभरातली माणसं, आणि सगळी पाखरांच्या नावाने वावरतात. मी सुतारपक्षी. हसू नकोस. दर मार्चमध्ये ते 'दोरा' नावाचा खेळ खेळतात. प्रत्येकाने आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक सुचवायचं, याला ते 'टोपलीत टाकणं' म्हणतात, आणि का लाडकं ते चार ओळींत सांगायचं. ज्याला ते हवंसं वाटेल त्याने ते उचलायचं आणि उलट आपलं एक सुचवायचं. मग दोघांनी ती वाचायची, आवडो न आवडो, शेवटच्या पानापर्यंत. आणि मग सगळ्यांसमोर ओळखायचं की या पाखरामागे खरा माणूस कोण, कुठला, काय करतो. अंदाज चुकला तर वर्षभर आपल्या नावापुढे दुसऱ्याच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मिरवायचं. ही मंडळी यात भलती तरबेज आहेत. गेल्या वर्षी एका करकोच्याने मधमाश्या पाळण्याचं पुस्तक सुचवलं, तर एका बाईने लिहिलं, "तुमची बायको माहेरी गेली आहे आणि तुम्ही पोस्टात आहात." दोन्ही खरं निघालं!

हा खेळ मला आवडला, कारण यात फुकाचं काही नाही. माणूस कपड्यांवरून कळत नाही, मतदानावरूनही कळत नाही. तो दुसऱ्याच्या हातात कोणतं पुस्तक ठेवतो त्यावरून कळतो. हे मी वर्गात ओरडून सांगत आले.

माझं पुस्तक एका टिटवीने उचललं, टाकल्या टाकल्या. कोणतं टाकलं म्हणशील तर असंच, एक जुनं.

तुझ्या मागच्या पत्रातल्या त्या गोष्टीचं उत्तर पुढच्या वेळी देते. पांते हॉर्न वाजवतो आहे.

तुझी,
स.


१४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे मिळाले. मोजे घालूनच लिहिते आहे. नमस्कार-चमत्कार यावेळी राहू देत.

तू विचारलंस, "असंच एक जुनं म्हणजे कोणतं?" तू मोठी बहीण उगाच नाहीस. तेच गं. निळ्या पुठ्ठ्याचं, तू शिक्षिका झाल्यावर पहिल्या पगारातून मला आणलेलं, नावाडी बाईची गोष्ट असलेलं. त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही. ते छापलं गेलं तेव्हाही कुणी वाचलं नाही आणि आता तर रद्दीतही मिळत नाही. आपल्या खोऱ्यात ते कुणाला ठाऊक असेल तर ते फक्त माझ्या तोंडून. प्रत्येक भाषणाचा शेवट मी त्यातल्या त्या नावाडी बाईच्या वाक्याने केला आहे: "डोळ्यांनी उचललेलं ओझं तोंडानेच खाली ठेवायचं असतं."

शहर बदललं, नाव-आडनाव बदललं, केस कापून काळे केले, चष्म्याची काडी बदलली. मग खेळात विचारलं, तुझं सगळ्यात लाडकं पुस्तक कोणतं? आणि मला दुसरं सांगता येईना. समोर कोणीतरी वाचणारा आहे, तो विश्वासाने हात पुढे करतो आहे, आणि मी त्याच्या हातावर दुय्यम पुस्तक ठेवू? नाव खोटं सांगता आलं ताई. पुस्तक खोटं सांगता आलं नाही. मूर्खपणा म्हण. म्हणच.

आता ऐक. टिटवीने मला एकटीला निरोप पाठवला. शब्दशः देते:

"हे पुस्तक मी वाचलेलं नाही. पण यातलं एक वाक्य मी ऐकलं आहे. बाजाराच्या दिवशी, चौकात, पाऊस पडत होता. बोलणाऱ्या बाईंनी छत्री बंद करून हातात धरली होती."

छत्री, ताई! त्या दिवशी मी ती व्यासपीठाच्या कठड्यावर आपटत होते. हे त्या चौकात उभ्या असलेल्या माणसाशिवाय कुणाला माहीत असणार? आणि त्या चौकात कोण कोण उभं होतं? निम्मे आपले, आणि निम्मे गिरणीमालक दांचूने आपल्या लाकडाच्या गिरणीतून सुट्टी देऊन पाठवलेले, कोण टाळ्या वाजवतं ते बघायला.

टिटवी ओरडली की आई दार लावून घ्यायची, आठवतं? मीही लावलं. मग पुस्तकांची पेटी ओढून दाराला लावली आणि तिच्यामागे जमिनीवर बसले.

घाबरले आहे. लिहिलं एकदाचं. चार पत्रं झाली, गुडघा बरा, नदीवर धुकं, काकू विनोदी असं लिहीत होते. त्या सगळ्याच्या खाली हेच होतं. जिन्यात पाऊल वाजलं की माझे कान आधी जातात आणि मागून मी जाते. पांढरी गाडी दिसली की रस्ता बदलते. हजार माणसांपुढे माझा आवाज कधी कापला नाही आणि आता पाववाल्याला "एक पाव" म्हणताना कापतो.

तू लिहिलं आहेस, "साक्ष मागे घे आणि इकडे ये. अव्राम काही परत येणार नाही." त्याला उत्तर द्यायचं मी टाळत होते, कारण तुझं म्हणणं खोटं नाही. अव्राम येणार नाही. पण मी तिथे होते ना. शाळेमागच्या वाटेवर, जंगलातून चोरून तोडलेल्या ओंडक्यांचा दांचूचा ट्रक वनरक्षक अव्रामने अडवला, हात वर करून, शाळेतल्या मुलासारखा. आणि ट्रक थांबला. थांबला, थोडा मागे गेला, आणि मग पुढे आला. दांचूच्या वकिलाच्या मते ब्रेक लागले नाहीत. ज्याचे ब्रेक लागत नाहीत तो आधी थांबतो कसा? हे एवढंच मला सांगायचं आहे. ते बघणारी मी एकटी आहे. मी बोलोन्याला आले तर तो अपघात ठरतो, आणि पुढचा वनरक्षक हात वर करताना विचार करील.

सुनावणी पंचवीसला आहे. तोवर जिवंत राहणं एवढंच माझं काम, आणि ते मी एका खेळात घालवून बसले की काय, कळत नाही.

टिटवीने उलट सुचवलेलं पुस्तक तर अपमानच आहे. स्टेशनवर शेंगदाण्यांशेजारी मिळतं तसलं, लाल मुखपृष्ठ, वर सुरा आणि सुऱ्यावर थेंब. सोबत टीप: "तुम्हाला आवडणार नाही. तरी सातवं प्रकरण संपेपर्यंत सोडू नका. हे बाकाखाली धरून वाचायचं पुस्तक आहे." बाकाखाली! कसलं बाक? चेष्टा आहे की धमकी? मी ठरवलं की गट सोडायचा, फोन नदीत टाकायचा.

पण नियम म्हणजे नियम. सुचवलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं. हा एक नियम तरी माझ्या हातून मोडला जाऊ नये, बाकी सगळं मोडलं आहे. आग्लाया काकूंना बाजारातून ते आणायला सांगितलं. त्या मुखपृष्ठ बघून म्हणाल्या, "अगं बाई, हे का! बोटीवर आम्ही हे तीनदा वाचलं. कपाटातला मेलेला नसतो."

पांते विचारतो आहे, बोलोन्यासाठी एक जागा रिकामी ठेवू का. मी त्याला उत्तर दिलेलं नाही.

तुझी, पेटीमागे बसलेली,
स.


ब्राइला, २३ मार्च

प्रिय ताई,

या वेळी गावाचं नाव लिहिलं आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर मी इथे नसेन, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तुझी तब्येत, म्हाताऱ्याचं सूप, सगळं क्षेम असावं. बरणी नाही पाठवत, वेळ नाही. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

मी ते लाल पुस्तक वाचलं. भिकार आहे. प्रत्येक पानावर कुणाचा तरी चेहरा पांढराफटक पडतो, आणि लेखकाला स्वल्पविराम ठाऊक नाही. चिडचिड करत सातव्या प्रकरणाला पोचले. त्यात एका पाववाल्याची विधवा आहे, खुनाची साक्षीदार. तिला एक अतिशय सभ्य फोन येतो. "बाई, न्यायालयाने तुमच्यासाठी गाडी ठेवली आहे, म्हातारपणी बसने कशाला हाल करून घेता." सकाळी गाडी येते. ड्रायव्हर टोपी काढून नमस्कार करतो, बाईंची पिशवी उचलतो. गाडी धरणाच्या रस्त्याला लागते. प्रकरण संपतं. आठव्यात तिची टोपी पाण्यावर तरंगते.

मी पुस्तक भिंतीवर फेकलं. इतकी कृत्रिम रचना! खऱ्या आयुष्यात असा फोन कोण करतं?

वीस तारखेला फोन आला.

"नमस्कार मॅडम. न्यायालयाकडून बोलतो आहे. चोवीसला सकाळी आपल्यासाठी गाडी येईल. पांढरी. या वयात बसने दगदग नको."

 हा नंबर मी फक्त सरकारी वकीलबाईंना दिला होता. तोंडातून कसाबसा आवाज काढला, "किती काळजी घेता हो तुम्ही."

"आपल्यासारख्यांची घ्यायलाच हवी, मॅडम. पत्ता तोच ना, बंदराजवळचा?"

"तोच," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं की मला कळलं आहे.

मग वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "गाडी? आम्ही कधीच गाडी पाठवत नाही. तुम्हाला सांगितलं होतं ना, बसने या." फोनमधून त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचा नंबर माझ्या टेबलावरच्या फायलीत होता. माझ्या कचेरीतून गेला. मला काही सांगू नका. कशा येणार, कधी निघणार, मलासुद्धा सांगू नका. फक्त या."

फोन ठेवला आणि मग मला बाक दिसलं.

तिसरं बाक, खिडकीजवळचं. तिथे एक मुलगी बसायची. मी कविता शिकवत असले की तिची मान खाली. जवळ जाऊन बाकाखालून पुस्तक ओढायचं, प्रत्येक वेळी असलंच, लाल, सुऱ्याचं. मी सगळ्या वर्गासमोर म्हणायची, "यातून तू काय शिकणार आहेस गं?" ती म्हणायची, "सावध राहायला, बाई." वर्ग हसायचा. तिचं नाव मी लिहीत नाही. पण तुला ती आठवेल. तिचं लग्न आपल्या खोऱ्यात गाजलं होतं, तीन दिवस बँड वाजत होता. ती दांचूच्या घरात सून म्हणून गेली.

आता विचार कर. ती त्या टेबलाशी बसते जिथे हे सगळं ठरतं. सासऱ्याला जेवायला वाढते आणि ऐकते. फोन करू शकत नाही, नवरा फोन तपासत असणार. पण पुस्तकांचा खेळ? बायकांचं खूळ म्हणून कोण बघतो त्यात? आणि त्या टोपलीत एक दिवस तिला माझ्या नावाडी बाईचं पुस्तक दिसलं. ज्या चुकीसाठी मी स्वतःला पंधरा दिवस शिव्या घातल्या, त्या चुकीवरूनच तिने मला शोधून काढलं आणि एका भिकार पुस्तकातून सांगितलं: बाई, गाडीत बसू नका. पुस्तक अजूनही भिकारच आहे. एवढं कबूल करायला मी तयार आहे की शेवटपर्यंत वाचायचा नियम चांगला आहे.

काल खेळाचा शेवट होता, सगळ्यांसमोर ओळखायचा. गटातले टपून बसले होते. कोतवाल नावाच्या एका पाखराने लिहिलं, "सुतारपक्षी आणि टिटवी, लवकर उरका. या जोडीवर आमच्या पैजा लागल्या आहेत."  हजारभर डोळे, आणि त्यांतले दांचूचे कोणते, काय सांगावं? मी चुकून एक खरा शब्द लिहिला तर ती मुलगी गेली.

टिटवीने आधी लिहिलं: "सुतारपक्षी म्हणजे क्रायोव्याचा निवृत्त दातांचा डॉक्टर. अविवाहित. लोकांची तोंडं उघडायची सवय गेलेली नाही."

सगळे हसले. मी रडले, आणि लिहिलं: "टिटवी म्हणजे जहाजावरचा खलाशी. बंदराबंदरात एक बायको, आणि शाळेत कधी गेलेला दिसत नाही."

"शाळेत गेलो होतो," टिटवीने लिहिलं. "बाई कडक होत्या."

दोघांचेही अंदाज चूक ठरले. कोतवाल पैज हरला. नियमाप्रमाणे माझ्या नावापुढे आता तो सुरा आणि थेंब वर्षभर राहील. चौतीस वर्षं साहित्य शिकवल्याचं हे फळ. आणि तिच्या नावापुढे ते निळं मुखपृष्ठ. दांचूच्या घरात, त्याच्या सुनेच्या फोनवर, माझं पुस्तक. ताई, मला झोप लागत नाही ती आता माझ्यासाठी नाही. दांचू पुस्तकं वाचत नाही, एवढीच त्या पोरीची ढाल. तो तुरुंगाबाहेर राहिला तर कधीतरी कुणीतरी त्याला वाचून दाखवेल.

म्हणून पांतेला सांगितलं, ती जागा दुसऱ्या कुणाला दे. रागावू नकोस. तू मला ते निळं पुस्तक द्यायला नको होतंस.

आता कशी जाणार ते ऐक. आग्लाया काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिवणकाम म्हणे! मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. शिंपीण सुई दातात धरते, तुम्ही पेन्सिल धरता." परवा पंचवीस, देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा दिवस, ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासातही त्या दिवशी मासे चालतात, त्यामुळे आज दुपारी इथून माशांच्या गाड्या भरून डोंगराकडे निघतात. काकूंचा पुतण्या तसली गाडी चालवतो. मी पुढे बसणार नाही. मागे, बर्फाच्या पेट्यांमध्ये, काकूंचं रबरी एप्रन घालून. काकूही येताहेत.

"तुम्ही कशाला, काकू? धोका आहे."

"मासे नीट पोचायला नकोत का? आणि वाटेत तुम्ही भाषण सुरू केलंत तर गप्प कोण करणार?"

उद्या सकाळी पांढरी गाडी येईल आणि माझं दार वाजवेल. त्या वेळी मी कुठल्यातरी घाटात थंडीने कुडकुडत असेन. न्यायालयात माशांचा वास घेऊन उभी राहीन. दांचूचा वकील नाक मुरडेल आणि ते मी नोंदवून घ्यायला सांगेन.

भीती गेली का? नाही.  जिन्यात काकूंची पावलं वाजताहेत आणि त्या काकूच आहेत हे माहीत असूनही मी पेन घट्ट धरलं आहे. कदाचित कापऱ्या आवाजातच बोलावं लागेल. बोलेन. ट्रक थांबला होता. तो मागे गेला. मग पुढे आला. एवढी तीन वाक्यं कापऱ्या आवाजातही मावतात.

पंचवीसनंतर माझ्याकडून काही आलं नाही, तर पांतेला विचारू नकोस, पोलिसांना विचारू नकोस. त्या गटात जा. कोणतंही पाखरू हो. मार्च आला की टोपलीत ते निळं पुस्तक टाक आणि बघ कोण उचलतं. तिला माझ्याकडून सांग, बाकावर ठेवून वाच, बाई काही म्हणणार नाहीत.

डोळ्यांनी उचललं होतं ते आता खाली ठेवायला निघाले आहे.

तुझी धाकटी बहीण,
स्मारांदा वार्तिक,
साहित्याची शिक्षिका, अव्रामच्या खुनाची साक्षीदार